दत्तूचे खिसे

ही गोष्ट सांगायचं मी चाळीसहून अधिक वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलं लहान होती, मग मुलीचं लग्न व्हायचं होतं, मग पत्नीचं आजारपण आलं. ती जाऊनही आता तीन वर्षं झाली. आता कारण उरलं नाही आणि ज्याला सांगायचं तो माणूसही उरला नाही. गेल्या महिन्यात मिरजेहून जालिंदरचा फोन आला. ‘सदा, दत्तू गेला रं,’ एवढंच म्हणाला आणि फोन तसाच धरून राहिला. पलीकडे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती मी ऐकली. मग तोच म्हणाला, ‘आता तरी बोल गड्या. मी बी पिकल्यालं पान. माझ्यामागं कुणालाच ठावं ऱ्हाणार न्हाई.’

दत्तू हा शिरवळला हायवेच्या कडेला फोटो स्टुडिओ चालवायचा. कारखान्यातल्या कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काढायचा, एकटा राहायचा, फारसं बोलायचा नाही. त्याला ओळखणारे थोडे. गावाकडे त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, की सांगलीत मालकाच्या स्टुडिओत त्यानं चोरी केली आणि त्याला हाकलून दिलं. ती गोष्ट खोटी आहे. ती मी रचली. कुठे, कशी आणि कशासाठी, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

आमचं गाव औंधच्या पूर्वेला, माण तालुका सुरू होतो तिथलं. पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. मी बौद्धवाड्यातला, दत्तू मांगवाड्यातला. दोन्ही वस्त्यांच्या मधे एक ओढा, त्याला बहुतेक वर्षभर पाणी नसे. तरी तो ओलांडून एकमेकांकडे जेवायला जायचा रिवाज नव्हता. आम्ही एकत्र आलो ते बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर. दोघंही अठरा वर्षांचे. मी दगड वाहायचो, तो खडी फोडायचा. संध्याकाळी काम सुटलं की हातोड्या मुकादमाकडे जमा करायच्या. त्या जमा करून झाल्यावर दत्तू त्याच्या अर्ध्या चड्डीचे दोन्ही खिसे बाहेर ओढायचा आणि तसाच, कुत्र्याच्या जिभेसारखी अस्तरं लोंबत, मुकादमासमोरून जायचा. मुकादम हसायचा. मीही पहिल्या दिवशी हसलो.

‘त्यात हसण्यासारखं काय न्हाई,’ तो म्हणाला. मग चालता चालता त्यानं सांगितलं. इंग्रजांच्या राज्यात त्याच्या वडिलांना रोज दिवस मावळताना चावडीवर हजेरी द्यावी लागायची. काही केलं म्हणून नव्हे, ज्या घरात जन्मले त्या घरात जन्मले म्हणून. गावात कुणाची कोंबडी गेली तरी पहिली झडती मांगवाड्याची. स्वातंत्र्य आलं, काही वर्षांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा गेला, हजेरी बंद झाली, पण वडिलांची सवय गेली नाही. कुणाच्याही दारातून निघताना ते धोतराचा सोगा झटकून दाखवायचे. दत्तूला खिसे होते म्हणून तो खिसे दाखवायचा. ‘कुनी मागायच्या आदी आपुनच दावायचं. मागितलं की मानूस ल्हान हुतं. आपुन दावलं की न्हाई हुत,’ तो म्हणाला. हे त्यानं मला अठराव्या वर्षी सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

दुष्काळानंतर मी साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकलो आणि दोनेक वर्षांत सांगलीला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. दत्तू माझ्या आधीच तिथे पोचला होता. त्याचा चुलता तिथल्या वस्तीत राहायचा, बँडमध्ये ढोल वाजवायचा. दत्तू त्याच्याकडेच राहायचा. त्यानं दत्तूला एका फोटो स्टुडिओत झाडूकामाला लावलं. मालकांना सगळे काका म्हणत. काकांनी त्याचा हात पाहिला आणि वर्षभरात त्याला रिटचिंगला बसवलं. आजच्या वाचकांना सांगायला हवं, तेव्हा फोटो काळे-पांढरे असत आणि निगेटिव्हवर अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरेल तिथे कागदावर उजळ येतं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यानं जायचं. पण खरं काम असायचं ते लग्नाच्या मुलींचं. स्थळाला पाठवायचा फोटो असला की आई-बाप हळूच म्हणत, जरा रंग उजळा. दत्तू दिवसभर काचेच्या उतरत्या मेजावर वाकून मुलींची तोंडं उजळत बसायचा. तो स्वतः तव्यासारखा काळा. मीही तसाच.

माझं आणि दत्तूचं प्रेम होतं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हा आम्हाला त्यासाठी शब्द नव्हता. जे शब्द होते त्या शिव्या होत्या, आणि जातीवरून मिळणाऱ्या शिव्या आम्हाला आधीच पुरेशा होत्या. माझ्या कचेरीत माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असे, तोंडानं कुणी काही म्हणत नसे. आमच्या चळवळीतल्या पोरांत मी बसायचो, ती पोरं स्वाभिमानावर रात्रंदिवस बोलायची, आणि त्यांनाही हे कळलं असतं तर त्यांनी मला उठवलं असतं. मला वाटायचं, एका माणसानं एवढं दोन बाजूंनी खाली बघावं तरी किती.

त्या खाली बघण्यावर दत्तूनं एक उपाय काढला. सोमवारी स्टुडिओ बंद असे आणि काका मुलीकडे जात. राहिलेलं रिटचिंग उरकावं म्हणून किल्ली दत्तूकडे असायची. एका शनिवारी संध्याकाळी मी त्याला बोलवायला गेलो होतो, तेव्हा काका फळीवरून फोटोच्या कागदाचे तीन-चार डबे काढत होते. ‘दत्तू, ह्याची मुदत गेली. गिऱ्हाइकाला चालायचा नाही. तू घे आणि हात बसव त्यावर. फिल्मचे कापून उरलेले तुकडेही घे,’ असं ते म्हणाले. दत्तू म्हणाला, ‘आवं काका, समदं?’ काका म्हणाले, ‘सगळं. मी काय मांडीवर घेऊन बसू?’ मी दारात उभा होतो. काकांनी मला ‘या भाऊसाहेब’ म्हटलं. त्या दिवशीही निघताना दत्तूनं कागदाचे डबे काउंटरवर ठेवले, खिसे उलटे करून दाखवले आणि मग डबे उचलले. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग सोमवार सुरू झाले. आमच्यासारखी पोरं त्याला कशी सापडायची मला आजही सांगता येत नाही. तो कुणाला शोधत नसे. जालिंदर त्याच्या चुलत्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बाळू मिरजेच्या एका दवाखान्यात सफाईला होता, हसला की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. आणखी दोघं-तिघं येऊन जाऊन असत. सगळे आमच्याच दोन समाजांतले, सगळे विशीतले. दुपारी मागच्या दारानं एकेक जण यायचा. दत्तू दिवे लावायचा आणि विचारायचा, ‘कसा पायजे?’ म्हणजे, तुला तू कसा दिसायला हवा आहेस. जालिंदर म्हणाला, मला खुर्चीवर बसून, पायावर पाय टाकून पाहिजे. गावात पाटलाच्या पोरांसमोर त्याला ओट्यावरसुद्धा बसता येत नव्हतं. बाळूनं खिशातून काजळाची डबी काढली आणि पुडीत बांधलेला गजरा काढला. दत्तू म्हणाला, ‘डावीकडं माळ. उजेड तिकडनं येतोय.’ बाळू लाजून एवढा हसला की पहिल्या दोन फिल्मा वाया गेल्या.

त्या फोटोंवर दत्तू पेन्सिल लावत नसे. बाळू एकदा म्हणाला, ‘मला बी जरा गोरा कर की रं, त्या पोरींवानी.’ दत्तू मेजावरून उठला. ‘सा दिवस लोकांचं काळं काढतो. सोमवारी न्हाई. काळ्याला उजेड जास्त लागतो एवढंच. देनारा पायजे.’ आणि खरंच, तो आमच्यासाठी दोन दिवे जास्त लावायचा, फिल्म जास्त वेळ उघडी ठेवायचा. शाळेच्या, वसतिगृहाच्या फोटोंत माझ्या तोंडाच्या जागी एक काळा डाग असे. दत्तूच्या फोटोत मला माझी भुवई दिसली, गालाचं हाड दिसलं. मी चांगला दिसतो हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. त्या फोटोकडे बघत मी किती वेळ बसलो होतो, ते जालिंदर अजून चिडवून सांगतो.

एका सोमवारी जालिंदर म्हणाला, आता तुमच्या दोघांचा. जोडप्याच्या फोटोची तेव्हा ठरलेली पद्धत होती, नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. आमच्यात खुर्चीवर कुणी बसायचं यावर वाद झाला. मी म्हणायचो तू बस, तो म्हणायचा भाऊसाहेबांनी बसावं. शेवटी दोघंही एकाच खुर्चीत घुसलो, अर्धे अर्धे, आणि पडू नये म्हणून एकमेकांना धरलं. जालिंदरनं बटण दाबलं. त्या फोटोत मी जसा हसलो आहे तसा पुढे कुठल्याच फोटोत हसलेलो नाही. माझ्या लग्नाच्या फोटोतही नाही.

लग्न सत्त्याहत्तर साली ठरलं. मी नाही म्हटलं नाही. दत्तूला सांगितलं तेव्हा तो पेन्सिल सँडपेपरवर घासत होता. घासत राहिला. ‘पोरगी कशी हाय?’ विचारलं. मी म्हटलं, सावळी आहे. म्हणाला, ‘मग फोटो माझ्याकडंच काढ.’

लग्नाला महिना राहिला असताना चुलत्याला दत्तूच्या ट्रंकेत फोटोंचा लिफाफा सापडला. रविवारी सकाळी त्यानं वस्तीतली जाणती माणसं जमवली आणि फोटोत मी होतो म्हणून मलाही बोलावणं पाठवलं. वस्तीच्या चौकात सतरंजी टाकली होती. मला मान म्हणून पुढे बसवलं. दत्तू एका बाजूला उभा होता. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचे भाऊ सांगलीतच राहायचे. काय प्रकार आहे बघू म्हणून तेही येऊन मागे टेकले होते. फोटो हातोहात फिरायला लागले. आधी आमचा खुर्चीतला फोटो आला. एक म्हातारी म्हणाली, ‘आगं बया, येकाच खुर्चीत! त्या फोटुवाल्याला दुसरी खुर्ची जड झाली व्हती व्हय?’ माणसं हसली. मीही हसलो. तेवढ्यावर ते मिटलं असतं, असं मला अजून वाटतं... पण मग बाळूचा गजऱ्यातला फोटो पुढे आला आणि हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, ‘ह्यो तर पार बायल्या.’ आणि खुर्चीतला फोटो परत मागवला गेला. आता तो वेगळ्या नजरेनं फिरायला लागला.

चुलता माझ्याकडे वळला. ‘भाऊसाहेब, तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच सांगा, ह्यो काय परकार हाय?’

मी मागे टेकलेल्या त्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग म्हणालो, ‘मला फोटो काढू म्हणाला, मी काढून घेतला. पण सुट्टीच्या दिवशी, मालकाच्या माघारी, हा कागद आला कुठून ते त्याला विचारा. हा चोरीचा माल आहे.’

एवढीच तीन वाक्यं. त्या चौकात सगळ्यांनी श्वास सोडल्यासारखं झालं. फोटोत काय आहे हे कुणालाच बोलायचं नव्हतं, चोरी म्हटल्यावर मात्र काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. त्या माणसांना मी दोष देत नाही. एका घरावर चोरीचा आळ आला की पोलीस सगळ्या वस्तीची भांडीकुंडी उपसत, हे त्यांनी पाहिलेलं होतं. दत्तूनं माझ्याकडे पाहिलं. काका काय म्हणाले होते हे मला माहीत आहे, मी दारात उभा होतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं एक शब्द काढला असता तरी पुरलं असतं. पण मग सोमवारी स्टुडिओत कोण येतं, कशाला येतं, हे सांगावं लागलं असतं. त्यात बाळू होता, जालिंदर होता, मी होतो. दत्तूनं दोन्ही खिसे बाहेर ओढले आणि सगळ्यांसमोर तसाच उभा राहिला. या वेळी कुणी हसलं नाही.

फोटो तिथेच जाळले. दुपारपर्यंत त्याची ट्रंक वस्तीबाहेर ठेवली गेली. स्टुडिओची किल्ली त्यानं जालिंदरच्या हाती काकांना पाठवली. काकांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला, चोरी नक्की कशाची हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मी त्यांच्याकडे जाऊन ‘तो कागद तुम्हीच दिला होता’ एवढं म्हणालो असतो तर त्यांना आठवलं असतं. कचेरीतून स्टुडिओ पाच मिनिटांवर होता. मी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. सोमवार संपले. बाळूनं आमच्यापैकी कुणाशीही बोलणं बंद केलं. त्याचं लग्न लावलं, आणि दोन वर्षांत तो गेला. कशानं, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला एक समजूत सांगत आलो. मी त्याला वाचवलं, मोठ्या बदनामीऐवजी लहान बदनामी दिली. खरं वेगळं आहे, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. दत्तूबद्दल दुसरं काहीही सांगितलं असतं तर लोकांनी पुरावा मागितला असता. चोर म्हटलं तर मागणार नव्हते. म्हणून तो शब्द माझ्या तोंडात आला. पुढे जालिंदरनं मला सांगितलं, दत्तू गावी गेला तेव्हा वडिलांना त्यानं बाकी सगळं खरं सांगितलं, आमचंसुद्धा. म्हातारा ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, ‘त्ये एक येळ मी गिळलं असतं रं बाबा. पर ह्यो शब्द घरात न्हवता आनायचा.’ हजेरी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती. म्हातारा त्या दिवसापासून पुन्हा दिवस मावळताना चावडीसमोर जाऊन उभा राहायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. मरेपर्यंत जात राहिला.

एकोणऐंशी साली मी कचेरीच्या कामानं पुण्याला निघालो होतो. दत्तूनं शिरवळला दुकान टाकल्याचं कळलं होतं, म्हणून तिथे एसटीतून उतरलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. एकच खोली, मागे पडदा. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, ‘बसा.’ मला तो कधीच अहो-जाहो करत नसे. मी म्हणालो, ‘खात्याच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो पाहिजे.’ का म्हणालो, देव जाणे. त्यानं स्टूल दाखवलं. ‘हनुवटी जरा वर घ्या. इकडं बघा.’ मग लिफाफा घेऊन विचारलं, ‘नाव?’ मी नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर फोटो घेतले, पैसे दिले, एसटीत बसलो आणि लिफाफा उघडला. फोटोतला माणूस उजळ होता. गाल नितळ, कपाळ नितळ, रंग चांगला दोन छटा उजळवलेला. त्यानं माझ्यावर पेन्सिल चालवली होती. बाकी गिऱ्हाइकांवर चालवायचा तशी.

त्यानंतर मी शिरवळवरून शंभरदा गेलो असेन. उतरलो नाही. काही वर्षांपूर्वी न्यायालयाचा निकाल आला तेव्हा जालिंदरनं दत्तूला फोन केला होता, ‘आता आपला गुन्हा न्हाई म्हनत्यात.’ दत्तू म्हणाला, ‘त्यो गुन्हा गेला. माझा चोरीचा कोन काडनार?’ जालिंदरनं ते मला तसंच्या तसं सांगितलं. तेव्हाही मी गेलो नाही. पत्नी अंथरुणाला खिळली होती, हे खरं आहे. पण तिच्या आजारपणाआड लपलो हेही खरं आहे. ती भली बाई होती. जे मी तिला आयुष्यभर सांगितलं नाही, त्याची माफी वेगळीच.

दत्तूचं सगळं उरकल्यावर आठवड्यानं जालिंदर आणि मी शिरवळला गेलो. घरमालकाला खोली रिकामी करून हवी होती. लोखंडी कॉट, स्टोव्ह, खिडकीपाशी ते जुनं उतरतं मेज. आता रिटचिंग कुणी करत नाही, तरी मेजावर धूळ नव्हती. कपाटाखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात निगेटिव्ह. फोटो जळले होते, पण निगेटिव्ह त्यानं त्या ट्रंकेत कधी ठेवल्याच नव्हत्या. एकेक पुडीत, वर पेन्सिलीनं नाव. जालिंदर. बाळू, गजरा. तळाशी ‘सदा, दत्तू, एक खुर्ची.’ मी ती खिडकीकडे तिरपी धरली. रिटचिंग केलेलं असेल तर तिरप्या उजेडात पेन्सिलीची चमक दिसते, हे त्यानंच मला शिकवलं होतं. चमक नव्हती. माझ्या तोंडावर एक रेघ नव्हती. त्यानं मला खोडलंही नव्हतं.

मग मी भिंतीकडे वळलो. खुंट्यांवर त्याचे कपडे होते, दोन पँट, एक सदरा, हिवाळ्यातलं जाकीट. सगळ्यांचे खिसे उलटे. धुऊन, वाळवून, टांगून ठेवलेले, आणि प्रत्येकाची पांढरी अस्तरं बाहेर. त्या खोलीत तो एकटा राहायचा. दाखवायला समोर कुणी नव्हतं. मी पुढे होऊन एका पँटचा खिसा आत घालायला लागलो तेव्हा जालिंदरनं माझं मनगट धरलं. ‘राहू दे,’ म्हणाला. ‘त्ये तुझ्या हाताचं काम न्हाई.’

मी हात काढून घेतला. एसटीत पाठ केलेलं वाक्य मला अजून येतं. ते त्याला ऐकू जाणार नाही. पण ज्यांनी माझं ऐकून त्याला चोर म्हटलं, त्यातलं कुणी हयात असेल, त्यांची मुलं असतील, त्यांनी तरी वाचावं. दत्तू, तो कागद काकांनी तुला दिला होता. मी दारात उभा होतो, मी ऐकलं होतं. तू कुणाचं काही घेतलं नव्हतंस. माझं चुकलं रं...